ऑस्ट्रेलिया पीआर मिळालाय, पण जायचं ठरलेलं नाही. तीन आठवड्यांच्या फेरीत काय बघावं?

द्विधा_पुणे

सबक्लास १९० (राज्याच्या नॉमिनेशनवर मिळणारा कायमचा व्हिसा, म्हणजे पीआर), व्हिक्टोरियाचं नॉमिनेशन. ग्रँट (व्हिसाची मंजुरी) आली आहे आणि पहिल्या प्रवेशाची शेवटची तारीख नोव्हेंबर अखेरची आहे. नवरा सिव्हिल इंजिनियर (साइट आणि एस्टिमेशन दोन्हीचा अनुभव), मी बी.एस्सी. नर्सिंग, सध्या आयसीयूत. मुलगी पावणेचार वर्षांची. इथल्या नोकऱ्या सोडलेल्या नाहीत. जायचंच असं पक्कं नाही, म्हणूनच एक फेरी करून बघायची आहे.

रजा तीन आठवडेच मिळेल. कधी जावं, मेलबर्नमध्ये कुठे राहावं, आणि या फेरीत कुठली सरकारी कामं उरकावीत? एजंट म्हणतो, "एकदा पाय लावून या, मग पाच वर्षं निवांत." हे खरं आहे का?

कागदपत्री

अर्धंच खरं आहे. पाच वर्षं मोजायची ती ग्रँटच्या तारखेपासून, पाय लावल्यापासून नाही. ती पाच वर्षं म्हणजे आत-बाहेर ये-जा करण्याची मुभा. संपली तेव्हा तुम्ही ऑस्ट्रेलियात असाल तर पीआर कायम राहतो, पण बाहेर जाऊन परत यायला रेसिडेंट रिटर्न व्हिसा लागतो. तो सरळ मिळायला मागच्या पाच वर्षांत दोन वर्षं प्रत्यक्ष तिथे काढलेली असावी लागतात. म्हणजे ग्रँटपासून तीन वर्षांच्या आत कायमचं गेलात तरच पाच वर्षं संपताना हिशोब जुळतो. साडेतीन वर्षांनी गेलात आणि तिथे दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत बाहेर पडायचं झालं तर नोकरी, घर, नातेवाईक असे तिथले भक्कम संबंध कागदावर दाखवत बसावं लागतं, आणि मिळाला तरी व्हिसा जास्तीत जास्त वर्षाचा. तुमचा निवांत काळ पाच नाही, तीन वर्षांचा आहे.

आता निघण्याआधीची कामं. तिघांचंही व्हेवो (व्हिसाच्या अटी दाखवणारी सरकारी ऑनलाइन नोंद) स्वतंत्रपणे काढा आणि अटी वाचा. ८५०४ म्हणजे अमुक तारखेआधी प्रवेश, आणि ती अट प्रत्येकाला वेगळी लागू होते. ८५०२ दिसली तर मुख्य अर्जदाराच्या आधी बाकीच्यांना शिरता येत नाही. एकाच विमानाने गेलात तर प्रश्नच नाही. मुलीच्या नावावर कदाचित ८५१५ दिसेल: प्रवेशाआधी लग्न करायचं नाही. तेवढी अट ती पाळेल असं धरून चालू.

खरी अडचण पासपोर्टची होते. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. ग्रँटनंतर नवा काढला असेल तर त्याचा नंबर इमीअकाउंटमध्ये (व्हिसाच्या ऑनलाइन खात्यात) बदलून घ्या, नाहीतर चेक-इनच्या काउंटरवर एअरलाइनला व्हिसा दिसत नाही आणि तिथेच खोळंबा होतो.

उतरताना पॅसेंजर कार्डावर प्रश्न असतो: पुढचे बारा महिने ऑस्ट्रेलियात राहायचा इरादा आहे का? पीआर हातात आहे म्हणून लोक बेधडक "हो" लिहितात. तुम्ही तीन आठवड्यांत परतणार आहात, तेव्हा खरं उत्तर "नाही". त्याने पीआरला काही होत नाही. मसाले, लोणचं, तूप, बिया, लाडू, जे काही बॅगेत असेल ते जाहीर करा. जाहीर केलेलं फार तर काढून घेतात; लपवलेलं सापडलं तर दंड.

सरकारी कामांबद्दल माझं मत बहुतेकांच्या उलट आहे. "आलोच आहोत तर सगळं करून घेऊ" असं करू नका, कारण काही गोष्टी केल्या की घड्याळ सुरू होतं.

मेडिकेअर (सरकारी आरोग्य विमा): ते तिथे राहणाऱ्यांसाठी आहे, पाहणीला आलेल्यांसाठी नाही. शिवाय वय ३१ च्या पुढे असेल तर मेडिकेअरला नोंद झाल्यापासून बारा महिन्यांत खाजगी हॉस्पिटल कव्हर घ्यावं लागतं. नंतर घेतलं तर तिशीच्या पुढच्या प्रत्येक वर्षामागे प्रीमियमवर २ टक्के अधिभार, तोही सलग दहा वर्षं. फेरीत नोंदणी करून दीड वर्षाने राहायला आलात तर ही बारा महिन्यांची मुदत वापरण्याआधीच संपलेली असते. या खेपेला साधा प्रवास विमा काढा.

ड्रायव्हिंग: व्हिक्टोरियात पर्मनंट व्हिसावर येणाऱ्याला परदेशी लायसन्सवर सहा महिने गाडी चालवता येते, आणि ते पहिल्या प्रवेशापासून मोजतात. हे घड्याळ टाळता येत नाही, फक्त माहीत असू द्या. वर्षभराने परत गेलात तर विमानतळावरून भाड्याची गाडी घेऊन निघायचा बेत करू नका. भारतीय लायसन्स सरळ बदलून मिळत नाही. नियमांची परीक्षा, हॅझर्ड परसेप्शन (रस्त्यावरचे धोके ओळखण्याची परीक्षा) आणि प्रत्यक्ष चाचणी, तिन्ही द्याव्या लागतात.

टीएफएन (आपल्या पॅनसारखा कराचा नंबर): ऑनलाइन अर्ज देशात असतानाच करता येतो आणि नंबर पोस्टाने येतो, २८ दिवसांपर्यंत. तीन आठवड्यांच्या फेरीत तो तुमच्या हातात पडेलच असं नाही. विश्वासातल्या माणसाचा पत्ता असेल तर पहिल्याच आठवड्यात अर्ज करा, नसेल तर सोडून द्या. एअरबीएनबीचा पत्ता मात्र कधीही देऊ नका.

बँक खातं भारतातूनच उघडा आणि तिथे शाखेत जाऊन ओळख पटवा. एवढं एक काम निर्धास्तपणे करण्यासारखं आहे.

वेस्टगेटकर

कधी जायचं याचं उत्तर: जुलैचा मध्य ते ऑगस्ट. डिसेंबर-जानेवारीत मेलबर्न सुंदर दिसतं आणि तेव्हाच ते बघू नये. नाताळच्या आधीच्या आठवड्यापासून जानेवारी संपेपर्यंत नोकरभरती थंड, शाळा बंद, बांधकामाच्या साइट्सही बराच काळ बंद. भेटायचं ते माणूस सुट्टीवर. ऑगस्टमध्ये शाळेची तिसरी टर्म चालू असते, १ जुलैला नवं आर्थिक वर्ष सुरू झालेलं असतं, आणि हिवाळा असतो. दुपारी १४ अंश ऐकून पुणेकर हसतात. पण तिथली बरीच जुनी घरं पातळ भिंतींची, एकेरी काचेची. हीटर बंद करून झोपलात तर सकाळी स्वयंपाकघर जवळजवळ अंगणाइतकं गार असतं. हे सोसवतं का, ते अंगानेच कळायला हवं.

राहायचं सिटीत नाही. सिटीत ट्राम फुकट, कॉफी उत्तम, आणि निर्णयाला उपयोग शून्य. दीड आठवडा पश्चिमेला (टार्निट, ट्रुगनिना, पॉइंट कुक) आणि दीड आठवडा पूर्वेला (क्लेटन, ग्लेन वेव्हर्ली) असं विभागा. पश्चिमेला त्याच भाड्यात नवं, मोठं घर मिळतं आणि शेजारी मराठी कानावर पडतं. पूर्वेला घर जुनं, लहान, पण ट्रेन आणि शाळांचं जाळं बरं. ग्लेन वेव्हर्लीला शाळेच्या झोनपायी भाडं चढं.

मग कामाच्या दिवसाची रंगीत तालीम करा. मंगळवार किंवा बुधवार निवडा, सोमवार किंवा शुक्रवार नको. बरेच जण घरून काम करतात, गर्दीचा अंदाज चुकतो. पॉइंट कुकहून विल्यम्स लँडिंग स्टेशनला साडेसातला पोचा आणि पार्किंग शोधा. टार्निटला मेट्रो नाही, जिलॉंग लाइनची व्ही-लाइन (लांब पल्ल्याची प्रादेशिक ट्रेन) थांबते. सकाळी बसायला जागा मिळते का ते बघा. पण तुमच्या घरात साइट इंजिनियर आहे, त्यांना ट्रेनचा फारसा उपयोग नाही. साइटचं काम सहसा सकाळी सातला सुरू होतं आणि साइट दर वर्ष-दोन वर्षांनी बदलते. त्यांनी पहाटे पावणेसहाला वेस्ट गेट ब्रिजवरून शहराच्या दुसऱ्या टोकाला एकदा गाडी नेऊन पाहावी आणि दुपारी साडेतीनला परत आणावी. तुमच्या शिफ्ट आणि त्यांची साइट धरली तर दोन गाड्या लागणार, हे त्याच दिवशी कळेल.

गाडी भाड्याने घेताना टोलचं विचारा. सिटीलिंक आणि ईस्टलिंक या टोलरस्त्यांवर टोलनाका नाही, कॅमेरा आहे. ई-टॅग (आपल्या फास्टॅगसारखा) नसेल तर भाडेकंपनी टोलवर स्वतःचा आकार लावते. सिटीत काही चौकांत उजवीकडे वळायला डाव्या कडेला थांबावं लागतं, त्याला हुक टर्न म्हणतात. पहिल्या दिवशी तिकडे गाडी नेऊच नका.

घर बघताना: जाहिरातीतलं भाडं आठवड्याचं असतं. चारने गुणू नका, ५२ ने गुणून १२ ने भागा. ५५० डॉलरचं घर महिन्याला २,२०० नाही, २,३८३ पडतं. वर साधारण महिन्याभराचं भाडं बाँड (अनामत) म्हणून. इन्स्पेक्शनची वेळ १५ मिनिटांची असते, बहुतेक शनिवारी. घर घ्यायचं नसलं तरी पाच-सहा ठिकाणी नाव नोंदवून जा. बाहेर रांग किती, एजंट काय कागद मागतो, बिनापगाराच्या नवख्या कुटुंबाला काय सांगतो, हे ऐका. भिंतीच्या खालच्या कोपऱ्यांत आणि बाथरूमच्या छताला बुरशी बघा, आणि बैठकीत भिंतीवर बसवलेला हीटर आहे ना ते बघा. व्हिक्टोरियात भाड्याच्या घराला तो बंधनकारक आहे.

काँक्रीट_एम४०

नवऱ्यासाठी थोडं. पीआर असल्यामुळे मुलाखतीच काय, कामही पहिल्या दिवसापासून कायदेशीर आहे. तेव्हा निघण्याआधी तीन-चार आठवडे रिक्रूटरांना ईमेल करा, तारखा कळवा. "कायमचे कधी येणार?" हा पहिला प्रश्न असतो. "बघू" म्हटलं की फाइल मिटते. "ऑफर मिळाली तर आठ-दहा आठवड्यांत" असं ठोस उत्तर घरी ठरवूनच जा.

व्हिक्टोरियात २०१९ च्या कायद्याने सिव्हिलसह पाच शाखांच्या इंजिनियरांना नोंदणी लागते, पण नोंदणीकृत इंजिनियरच्या थेट देखरेखीखाली काम करणाऱ्याला सूट आहे. साइट इंजिनियर किंवा एस्टिमेटर म्हणून शिरताना सहसा ती आड येत नाही, डिझाइनला येते. आयएस ४५६ आणि ८७५ पाठ असले तरी मुलाखतीत एएस ३६०० आणि ११७० या तिथल्या मानकांची नावं निघतात, चाळून जा. साइटवर पाऊल टाकायला व्हाइट कार्ड (बांधकाम सुरक्षेचं कार्ड) लागतं, सहा तासांच्या आसपासचा कोर्स आहे. फेरीत करता येतो, पण दोन वर्षं बांधकामात काम केलं नाही तर ते बाद होतं. वर कागदपत्रींनी सांगितलेल्या घड्याळांत हे एक जोडा.

पगार ऐकताना "प्लस सुपर" की "सुपरसकट" हे विचाराच. सुपर म्हणजे मालकाने भरायचा निवृत्तीनिधी, तो १२ टक्के आहे. एक लाख सुपरसकट म्हणजे मूळ पगार सुमारे ८९,३००.

निळा_गणवेश

ताई, तुमची बाजू नवऱ्यापेक्षा लांबलचक आहे आणि ती फेरीवर अवलंबून नाही. आप्राच्या (तिथे नर्सची नोंदणी करणारी संस्था) संकेतस्थळावरचा सेल्फ-चेक आजच करा, तो घरबसल्या होतो. भारतीय बी.एस्सी.ला साधारणपणे परीक्षांच्या मार्गाने जावं लागतं: आधी एनसीएलएक्स-आरएन ही संगणकावरची परीक्षा, जी भारतातल्या केंद्रांवर देता येते, आणि ती पास झाल्यावरच ओएससीई ही प्रात्यक्षिक परीक्षा, जी ऑस्ट्रेलियातच होते. म्हणजे या फेरीत ओएससीई उरकू असा बेत असेल तर तो सोडा. उलट निर्णय लांबला तरी एनसीएलएक्सचा अभ्यास इथेच सुरू ठेवता येतो.

नोंदणी होईपर्यंत तुम्हाला "नर्स" म्हणवून घेता येत नाही, कामही करता येत नाही. मधल्या काळात वृद्धाश्रमात केअर वर्करचं काम मिळतं. आयसीयूत व्हेंटिलेटर सांभाळणाऱ्या बाईला ते मानसिकदृष्ट्या जड जातं, हे आधीच बोलून घ्या. फेरीत एखाद्या एज्ड केअर केंद्रात वेळ मागून जाऊन या. घरखर्चाचा हिशोब पहिल्या वर्षी एकाच पगारावर मांडा.

द्विधा_पुणे

सगळ्यांचे खूप आभार. फेरीसाठी ऑगस्ट धरतो. दोन शंका. खर्च वाचवायला आधी नवऱ्याने एकट्यानेच जाऊन बघावं का? आणि मुलीच्या शाळेचं काय बघायचं?

कागदपत्री

एकट्याने पाहणी करता येईल (८५०२ असेल तर मुख्य अर्जदार तेच असायला हवेत), पण नोव्हेंबरआधी तुम्हा दोघींनाही जावंच लागेल. त्यांनी जाऊन आल्याने तुमचा प्रवेश झाला असं होत नाही, आणि तारीख हुकली तर व्हिसा रद्द होऊ शकतो. त्यांना दुसऱ्यांदा न्यायचं नसेल तरी तिकिटं तीनच लागतात. वाचतो तो फक्त घराच्या भाड्यातला फरक.

वेस्टगेटकर

शाळेआधी किंडर, म्हणजे बालवाडी. ज्या वर्षी ३० एप्रिलपर्यंत पाच पूर्ण होतात त्या वर्षी जानेवारीअखेर प्रेप (शाळेचं पहिलं वर्ष) सुरू करता येतं. तोवर तिला किंडर. ते फुकट आहे म्हणतात ते खरं, पण आठवड्याला साधारण १५ तास, म्हणजे दोन-तीन दिवस. दोघंही कामाला गेलात तर लाँग डे केअर लागेल, तिथे सबसिडीआधी दिवसाला १२० ते १६० डॉलर. बऱ्याच कौन्सिलांत किंडरची नोंदणी कौन्सिलमार्फत होते. प्रतीक्षायादी किती आहे ते जाऊन विचारा, फोनवर गोल उत्तर मिळतं.

सरकारी शाळेसाठी व्हिक्टोरिया सरकारच्या फाइंड माय स्कूलवर घराचा पत्ता टाकला की झोन दिसतो. रस्त्याच्या एका बाजूला एक शाळा, दुसऱ्या बाजूला दुसरी, असं होतं. शाळा आतून बघायला ईमेलने आधी टूरची वेळ घ्या, थेट गेलात तर ऑफिसातूनच परत पाठवतात.

आणि लसीकरणाचं कार्ड. लसी पूर्ण नसतील तर व्हिक्टोरियात किंडर किंवा डे केअरला प्रवेश मिळत नाही, आणि भारतातल्या लसी तिथल्या रजिस्टरवर डॉक्टरकडून चढवून घ्याव्या लागतात. दोन्हीकडची वेळापत्रकं सारखी नाहीत, एखाद-दुसरा डोस राहिलेला निघतोच. कार्डावर लसीचं नाव आणि तारीख स्पष्ट इंग्रजीत नसेल तर बालरोगतज्ज्ञांकडून शिक्क्यासह यादी लिहून घ्या. नुसतं ब्रँडचं स्टिकर असलं की तिथला डॉक्टर कोड्यात पडतो.