फेलोशिपचा अर्ज आणि पेटंटच्या तारखा

संशोधकांना फेलोशिपसाठी 'अर्जात शोधाबद्दल जितकं सांगाल तितकं चांगलं' असा सल्ला देतात, तो अर्धाच खरा आहे. परीक्षकांना नावीन्य कळायलाच हवं, पण निवडीनंतर जाहीर होणाऱ्या सारांशात शोधाची रचना उघड करू नका, नाहीतर पेटंटचा हक्क जाऊ शकतो. अमेरिकेत संशोधकाने स्वतः माहिती उघड केल्यावर पेटंटच्या अर्जासाठी १ वर्ष मिळतं. युरोपात तशी सवलत जवळपास नाहीच. पोस्टर, ग्रंथालयात ठेवलेला प्रबंध, खुलं व्याख्यान, सगळं 'उघड' धरलं जातं.

म्हणून आधी विद्यापीठाच्या तंत्रज्ञान हस्तांतरण कार्यालयात शोधाची नोंद, मग प्रोव्हिजनल अर्ज (तारीख राखून ठेवणारा पेटंटचा प्राथमिक अर्ज), मगच फेलोशिप. प्रोव्हिजनलनंतर १२ महिन्यांत पूर्ण अर्ज लागतो. पीसीटीच्या (अनेक देशांसाठी एकच आंतरराष्ट्रीय अर्ज करू देणाऱ्या पेटंट कराराच्या) मार्गाने गेलात तर बहुतेक देशांत पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३० महिने हाताशी असतात. आणि कृपा करून प्रोव्हिजनलमध्ये दोन पानी कल्पना टाकून मोकळे होऊ नका! समजा नंतर पूर्ण अर्जाच्या दाव्यात (कशावर हक्क हवा ते सांगणाऱ्या भागात) पटलाची जाडी '५ ते २० मायक्रॉन' लिहायची आहे आणि प्रोव्हिजनलमध्ये नुसतं 'पातळ पटल' आहे, तर त्या मर्यादेला प्रोव्हिजनलच्या जुन्या तारखेचा आधार मिळत नाही.

पैशांचंही पाहून ठेवा. अमेरिकेतल्या मूर फाउंडेशन या संस्थेच्या इन्व्हेंटर फेलोशिपमध्ये ३ वर्षांचे ८,२५,००० डॉलर होते, पण त्यातले दरवर्षी ५०,००० संशोधकाच्या संस्थेने घालायचे. अशा अटीचं पत्र शेवटच्या आठवड्यात मिळत नाही, विभागप्रमुखांशी आधीच बोला.