मदत हवी आहे: तळ्यात जिताडा आणि बोईट हे मासे येईनासे झालेत, नुसत्या चिलापी (तिलापिया). कारण काय?

खारेपाटवाला
तीन वर्षं झाली, आमच्या तळ्यात जिताड्याचं एक पिल्लू दिसलेलं नाही. बोईट गेले, कोळंबी नावाला. पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकला की चिलापी, पुन्हा टाकला की पुन्हा चिलापी. पूर्वी मे महिन्यात तळं आटवलं की दोन-अडीच किलोचे जिताडे निघायचे, लेकीबाळींच्या घरी पाठवायला पुरायचे. रविवारी गावकीची बैठक आहे. घरटी पैसे काढून बी, म्हणजे माशांची पिल्लं, विकत आणायचं असं बहुतेक ठरेल. त्याआधी मला खरं कारण कळायला हवं, नाहीतर विकत आणलेलं बीसुद्धा मरायचं. नुसतं 'प्रदूषण' म्हणून सोडू नका, तेवढं मलाही सुचतं. लवकर सांगा.

रेवदंडेकर
कुठलं तळं? गोडं की खारं? खाडीला जोडलेलं आहे का? आधी बी कोण सोडायचं?

खारेपाटवाला
खारेपाट म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली जमीन, तेव्हा खाडीचंच ना दादा. पेण तालुका, धरमतर खाडीची पोटखाडी. बी कोणी सोडत नाही, आजोबांच्या काळापासून आपोआप येतं.

कांदळवनमित्र
कारण उघड आहे. कांदळवन तोडलं की माशांची पाळणाघरं जातात. जिताडा, बोईट, कोळंबी, चिंबोरी, सगळ्यांची पिल्लं तिवरांच्या मुळांत लपून वाढतात. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तोडीवर बंदी घातली, २०१८ च्या निकालात ती पक्की केली, तरी भराव चालूच आहेत. गावाने आधी तिवरं लावावीत.

खारेपाटवाला
आमच्याकडे तिवरं कमी नाहीत, वाढलीत. पलीकडच्या गावच्या बांधाला खांड गेली, ती वेळेत बुजवली नाही, आता तिथे भाताच्या जागी तिवरांचं रान आहे. तुमचं म्हणणं खरं असेल, पण आमच्या तळ्याला लागू नाही.

कांदळवनमित्र
वाढलीत म्हणता, पण कुठली? एकाच जातीची दाट झुडपं माजली आणि मधल्या चरी गाळाने भरल्या तर मासा आत शिरणार कुठून? नुसता हिरवा रंग बघू नका.

मळेकरी_उरण
शेत गेलेल्या माणसाला 'हिरवा रंग बघू नका' काय सांगता? आमची चार एकर खाऱ्या पाण्याखाली गेली. आता तिथे तिवरं आहेत म्हणून बांध घालायलाही परवानगी मिळत नाही. माशांचं पाळणाघर झालं, आमचं घर कुठलं?

नीलक्रांती
भाऊ, हे सगळं सोडा, बायोफ्लॉक टाकी लावा. ताडपत्रीची गोल टाकी, खाली हवेचे दगड. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अनुदान आहे. मी दोन टाक्यांत चिलापीच करतो, छान निघते.

खारेपाटवाला
मला चिलापी नको आहे. चिलापी कशी घालवायची ते विचारतोय.

सुगरण_पेण
पेणचं माहेर म्हणून राहवलं नाही. तळ्यातल्या जिताड्याची चव खाडीच्या जिताड्याला नाही, काही म्हणा. आमच्याकडे कांद्याशिवाय, नुसतं आलं-लसूण आणि चिंचेच्या कोळात करायचे. पुण्यात कोणाला खात्रीचा जिताडा कुठे मिळतो माहीत आहे का? बाजारात दुसराच मासा त्याच्या नावाने गळ्यात मारतात.

रेवदंडेकर
ताई, पाककृतीचा धागा वेगळा काढा.
चिलापी आपल्याकडची नाही. १९५२ मध्ये ती देशात आणली, नंतर तळ्यातळ्यांत पसरली. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून मरतूक कमी. वर्षातून अनेकदा विते. एकदा तळ्यात शिरली की दुसऱ्याला जागा ठेवत नाही. तुमचं कारण तेच. तळं पूर्ण आटवा, चुना मारा, दुसरं काही शोधू नका.

खारेपाटवाला
गेल्या मे महिन्यात आटवलं होतं. चिखल भेगाळेपर्यंत. पावसानंतर तीन महिन्यांत पुन्हा तेच. परवा एक मादी पागात आली, हातात धरली तर तोंडातून डाळीएवढी पिल्लं भराभरा बाहेर पडली, माझ्या तळव्यावर वळवळत होती. मोजायचा प्रयत्न केला, साठाच्या पुढे सोडून दिलं.

बंदरावरची_सून
वरून शेतांतून पावसाचं पाणी येतं ना, त्याबरोबर येणारच. पहिल्या पावसात वलगणीचे मासे अंडी घालायला ओढ्याशेतांत चढतात तसंच हेही. आमच्याकडे वलगणीला गाभोळीने भरलेले मासे पाटीपाटीने मारतात, मग पुढच्या वर्षी मासा कुठे गेला म्हणून विचारतात. ते आधी बंद करा.

खारेपाटवाला
वलगण गोड्या पाण्याची, शिंगाळी-मळ्यांची. जिताड्याचा तिच्याशी संबंध नाही.

मत्स्यशाळा_रत्नागिरी
संबंध आहे, पण उलट दिशेने. जिताडा गोड्या-निमखाऱ्या पाण्यात वाढतो आणि वीण करायला खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात उतरतो. पावसाळ्यात पिल्लं भरतीबरोबर आत येतात आणि खाजणात, चरींत शिरतात. तेव्हा तुमच्या तळ्यात जिताडा यायचा म्हणजे भरतीचं पाणी यायला हवं. म्हणून तीन प्रश्न: तळं बांधाच्या आत की बाहेर? पाणी कुठून येतं? आणि बाहेरच्या खाडीत सध्या काय सापडतं? हे सांगितल्याशिवाय कोणीच काही सांगू शकणार नाही.

खारेपाटवाला
बांधाच्या आत, अर्थातच. तळ्यापासून चर आहे, ती उघाडीपर्यंत, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या झडपेपर्यंत जाते. बाहेर मी पाग टाकत नाही, तिथे बोकशीवाले (खाडीत पिशवीसारखी जाळी बांधणारे) असतात.

मत्स्यशाळा_रत्नागिरी
उघाडी कशी आहे? चालू की तुटलेली?

खारेपाटवाला
उघाडी एकदम चांगली आहे. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात नवी बसली, लोखंडी झडप, रबर लावलेली. आधीची सागाची कुजली होती, उधाणाला फळ्यांतून पाणी फवाऱ्यासारखं आत यायचं. आता थेंब येत नाही. तिचा काय संबंध?

मळेकरी_उरण
अरे बाबा!

मत्स्यशाळा_रत्नागिरी
तुमची पिल्लं त्या कुजक्या फळ्यांतून येत होती. उघाडीची झडप बाहेरच्या बाजूला टांगलेली असते, भरती तिला दाबून बंद करते, ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. ती नीट चालली तर बाहेरून आत काहीच येणार नाही, शेताला हवं ते हेच. जुनी गळत होती म्हणून भात थोडं खारवत होतं आणि जिताडा मिळत होता. मासे कमी झाले आणि झडप बदलली, दोन्हीला तीनच वर्षं झालीत.

रेवदंडेकर
हे मला पटत नाही. वर धरणं झाली, गोड्या पाण्याचा लोंढा कमी झाला, खाडी गाळाने भरली, बार्जांची ये-जा वाढली, बारीक आसाच्या जाळ्यांत पिल्लंच्या पिल्लं जातात. खाडीतच जिताडा कमी झाला असेल तर उघाडी सताड उघडी ठेवून काय मिळणार?

मत्स्यशाळा_रत्नागिरी
शक्य आहे, म्हणूनच मोजून बघा म्हणतोय. एकच पाग, एकाच दिवशी, भरती थांबल्यावर. दहा फेक बांधाच्या आत, दहा बाहेर. सगळं मोजा, लहान पिल्लंसुद्धा, आणि बाहेरची जिवंत सोडा. जिताड्याचं पिल्लू तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचं असतं, डोक्यावरून पाठीकडे पांढरी रेघ. मोठ्या चंदेरी जिताड्यासारखं दिसत नाही, म्हणून लोक ओळखत नाहीत.

म्हापशेकर
गोव्यात आमची खाजन शेती अशीच. उघाडीला आम्ही मानस म्हणतो. मानशीवर मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव होतो. गोम अशी की लिलाव घेणाऱ्याला खारं पाणी आत हवं, भातवाल्याला नको. मासळीसाठी बांध मुद्दाम फोडल्याच्या तक्रारीही होतात. झडप कोण उघडणार आणि केव्हा, हे लिहून घ्या. नाहीतर भावाभावांत लागेल.

ब्रिस्बेनचा_बंड्या
इथे क्वीन्सलँडमध्ये हाच मासा, त्याला बॅरामंडी म्हणतात. ५८ सेंमीपेक्षा लहान ठेवता येत नाही हे कोणालाही समजतं, पण १२० सेंमीपेक्षा मोठाही सोडावा लागतो. कारण हा मासा आधी नर असतो, मोठा झाल्यावर मादी होतो. मोठे सगळे मारले तर अंडी घालणार कोण? आणि ज्या वर्षी नद्यांना भरपूर पूर, त्या वर्षीची पिल्लं जास्त जगतात. तेव्हा धरणांचा मुद्दा सोडून देऊ नका.

रेवदंडेकर
मी तेच म्हणत होतो.

नीलक्रांती
मीठ टाकून चिलापी मारता येते. तळ्यात दहा-वीस पोती टाका.

मत्स्यशाळा_रत्नागिरी
कृपा करून असं सांगू नका. आपल्याकडे पसरलेली चिलापी समुद्राच्या पाण्यातही जगते. मीठ टाकून तिला काही होणार नाही, शेजारचं भात मात्र जाईल.

खारेपाटवाला
काल सर्वपित्रीचं उधाण होतं. वडिलांना घेऊन गेलो. आत दहा फेक: ४१ चिलापी, २ बोईट, मूठभर कोळंबी. बाहेर दहा फेक: २३ बोईट, बरीच खरबी, कोळंबी दीड वाटी, चिलापी ३. आणि एक बोटभर पिल्लू, डोक्यावर पांढरी रेघ. मी तर सोडून देणार होतो, वडिलांनी हात धरला. तळ्याचं पाणी तोंडात घेतलं त्यांनी आणि थुंकले. म्हणाले, "ह्या पान्याला खारटपना रवला नाय." तीन वर्षं मी त्याच पाण्यात पाग टाकतोय, चव घेऊन बघावीशी वाटली नाही.

मत्स्यशाळा_रत्नागिरी
एका उधाणावरून खाडीचा निकाल लागत नाही, पण तुमच्या तळ्यापुरतं बऱ्यापैकी स्पष्ट झालं. पुढच्या पौर्णिमेला पुन्हा मोजा.

मळेकरी_उरण
आणि आता उघाडी उघडू नका! भात निसवलंय, ऐन दाणा भरायच्या वेळी खारं पाणी आलं तर पळिंज होईल, नुसती पोकळ टरफलं.

खारेपाटवाला
तीच अडचण आहे काका. पिल्लं येतात ती भात उभं असताना. बांध सरकारी योजनेतला, त्यातून स्वतंत्र पाइप टाकायचा तर परवानगी, आणि त्या कार्यालयात आमचे दोन अर्ज आधीच पडून आहेत. बैठकीत खालच्या बाजूचे शेतकरी ऐकणार नाहीत, आणि त्यांचं चूक नाही.

मत्स्यशाळा_रत्नागिरी
मग उघाडीला हात लावू नका. बाहेरून पिल्लं पकडून आणा, पूर्वी हंड्यांतून आणायचेच. तळ्याच्या कडेला पाण्यात हापा, म्हणजे बारीक जाळीचा पिंजरा बांधा, त्यात ठेवा. खाडीचं पाणी हंड्यात हळूहळू तळ्याच्या पाण्याने बदला, एकदम टाकलंत तर मरतील. लहानमोठी वेगळी ठेवा, जिताडा जवळजवळ आपल्या अर्ध्या लांबीचं भावंडसुद्धा गिळतो. वीतभर झाली की तळ्यात सोडा. चिलापीची पिल्लं हेच त्यांचं खाद्य, तुम्हाला वेगळं काही टाकावं लागणार नाही. कमी पडली तर विकतचं बी आहेच, चेन्नईच्या केंद्रीय संस्थेने १९९७ मध्ये हॅचरीत जिताड्याची पैदास केली, तेव्हापासून मिळतं. पण त्यासाठी घरटी पैसे काढायची आत्ताच घाई नको.

बंदरावरची_सून
सगळी पिल्लं उचलू नका हं. खाडीतही राहू द्या.

खारेपाटवाला
बैठक झाली. पैसे काढायचं सध्या थांबलं. भात कापून झाल्यावर उधाणाला एक झडप दोन तास उघडायची, किल्ली दोघांकडे, एक भातवाला, एक तळंवाला, असं कागदावर लिहून घेतलंय (म्हापशेकर, आभार). त्याने निदान बोईट येतील. जिताड्यासाठी आज पहाटे वडील, मी आणि पुतण्या बाहेर गेलो. ११ मिळाली, ४ परत सोडली. सात हाप्यात आहेत. एक कोपऱ्यात गप्प आहे, बाकीची जाळीला तोंड लावून बाहेरच्या चिलापीकडे बघतायत.

सुगरण_पेण
सातातला एक मोठा झाला की कळवा.