सिंत्राला जाताय? महाल सोडा, रान बघा

मांडवीकाठ

आपल्याकडे गोव्यात आता घरटी एक तरी माणूस लिस्बनला आहे, त्यामुळे तिथून जवळच्या सिंत्राचे फोटो दर सुट्टीत येतातच. मागे पिवळा-तांबडा पेना महाल, पुढे जॅकेटं घातलेले काका-मावशी. माझं म्हणणं एवढंच, की महालाचं तिकीट काढू नका. नुसत्या उद्यानाचं वेगळं, स्वस्त तिकीट मिळतं. ते काढा आणि अख्खा दिवस तिथंच घाला.

पोर्तुगालची राणी दुसरी मारिया हिचा नवरा फर्नांदो, जन्मानं जर्मन. त्यानं १८३८ मध्ये डोंगरावरचा एक पडका मठ विकत घेतला. १७५५ च्या भूकंपात तो खिळखिळा झाला होता, आणि १८३४ मध्ये पोर्तुगालनं मठसंघ बरखास्त केले तेव्हा ओसच पडला. डोंगर त्या वेळी बहुतेक उघडाबोडका, जिकडेतिकडे कातळ. आज तिथं अमेरिकेतला सेकोया, जपानी क्रिप्टोमेरिया, चिनी गिंको, कॅमेलियाचे ताटवे, आणि भर दुपारी खाली पोचणारा उजेड हिरवा. महाल बांधणारे राजे पैशाला पासरी मिळतील. सेकोया लावणाऱ्याला मात्र तो भरात आलेला स्वतः बघायला मिळणार नाही हे पक्कं ठाऊक असतं, आणि तरी हा लावत सुटला.

राणीच्या नावाची नेच्यांची दरी आहे, तिथं जरूर उतरा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडचे वृक्षनेचे: केसाळ काळपट बुंधे, कोवळ्या माडाएवढे, आणि वर पानांची छत्री. समुद्र जवळ असल्यानं धुकं वरचेवर चढतं, पानांवर जमतं आणि टपटप गळतं. पाऊस नसतो, तरी मान ओली होते.

आणि महालात? रांगेनं आत, रांगेनं बाहेर, मध्ये दोरीपलीकडचे पलंग.

फोंडेकरीण

अजिबात पटलं नाही. इतक्या लांब जायचं आणि दारातून परत फिरायचं?

फर्नांदोनं मठ पाडला नाही, पोटात घेतला. जुनं चौकोनी अंगण, त्याच्या भिंतींवरच्या फरशा, चॅपलमधली सोळाव्या शतकातली अलाबास्टर दगडाची कोरीव वेदी हे सगळं आत आहे, आणि ते बाहेरच्या झाडांपेक्षा तीनशे वर्षांनी जुनं. प्रवेशाच्या कमानीवर शिंपल्यात बसलेला अर्धा माणूस, अर्धा मासा बघितलात ना? त्याच्या केसांतून खोड फुटतं आणि द्राक्षवेल होऊन वरच्या खिडकीला वेढते. म्हणजे रान तर महालातच आलंय. मला स्वयंपाकघर सगळ्यांत आवडलं. ओळीनं लावलेली तांब्याची भांडी आणि कमानीखालच्या चुली. राजाराणीच्या पलंगांपेक्षा तिथं जास्त माणसं राबली असतील.

शिवाय एक कारण खास आपलं. ऑक्टोबर १९१० मध्ये क्रांती झाली तेव्हा राजमाता अमेलिया याच महालात होती. इथूनच निघाली ती देश सोडून. त्या प्रजासत्ताकानं गोव्यातल्या हिंदूंना समान हक्क दिले, सरकारी नोकरीची दारं उघडली. आमच्या पणजोबांची पिढी ही तारीख विसरली नाही. तुमचा सेकोया हे सांगेल का?

सत्तरीकर

दोघेही भारावलेले दिसता. जरा गोव्याकडूनही तारखा मोजू.

फर्नांदो सिंत्रात कॅमेलिया रुजवत होता त्याच सुमारास, जानेवारी १८५२ मध्ये, दीपाजी राणे यांनी पोर्तुगिजांविरुद्ध उठून आमच्या सत्तरी तालुक्यातला नाणूसचा किल्ला घेतला. ते बंड तीन वर्षं पुरलं. राजमुद्रा कोणाची? याच फर्नांदोच्या बायकोची. तिकडे नेच्यांची दरी, इकडे सत्तरीच्या रानात फौज. आणि आपण तिकीट काढून तिथं तोंडात बोट घालायचं?

फोंडेकरीण, प्रजासत्ताकाचं श्रेय प्रजासत्ताकाला द्या. राणी ज्या खोलीतून पळाली त्या खोलीला कशाला?

मांडवीकाठ

सत्तरीकर, राग समजतो, पण नेम चुकतोय. किल्ला घेतला तेव्हा फर्नांदोच्या हाती सत्ता नव्हती, राजा ही पदवी राणीचा नवरा म्हणून. कारभार हाती आला तो राणी वारल्यावर, १८५३ ते १८५५, तोही मुलाच्या वतीनं. आणि गोव्याच्या सोन्यानं सिंत्रा उभं राहिलं म्हणावं, तर तोवर गोव्याची रया कधीच गेलेली. १८४३ मध्ये राजधानीसुद्धा जुन्या गोव्यातून पणजीला आली, कारण तिथं माणूस टिकत नव्हता.

खरा राग काढायचा तर सिंत्रातच पेन्या व्हर्दी नावाची वाडी आहे तिथं काढा. ती पोर्तुगीज गव्हर्नर जुवांव द कास्त्रूची, दीवच्या किल्ल्यासाठी कर्ज हवं म्हणून गोव्याच्या नगरसभेकडे आपल्या दाढीचे केस गहाण पाठवणारा तोच. १५४८ मध्ये तो गोव्यात वारला. त्या वाडीत गुजरातमधल्या सोमनाथ पाटणचा, तिथला राजा सारंगदेव वाघेला याच्या काळातला १२८७ चा संस्कृत शिलालेख जाऊन बसलाय. फळझाडं तोडून त्यानं तिथं रानटी झाडं लावली असंही सांगतात. हौस बघा.

सत्तरीकर

म्हणजे तुम्हीच माझी बाजू मांडलीत. तो शिलालेख ज्या वाडीत आहे ती खाजगी, आपल्यासाठी बंद. महाल उघडा. जे आपल्याकडून गेलं ते कुंपणात आणि जे त्यांचं ते तिकिटावर.

कुळागर

मी राजाराणीच्या भांडणात पडत नाही. पण त्याला ‘रान’ म्हणू नका, एवढी विनंती. जगभरची झाडं आणून डोंगरावर लावली, ती बाग झाली. सुंदर असेल. सत्तरीत बांबरला निरंकाराची राय, म्हणजे देवराई, आहे, रानजायफळांची दलदल, चिखलातून वर आलेल्या मुळांच्या कमानी. एकाही राजानं लावलेली नाही. गावानं देवाच्या नावानं कुऱ्हाड बाहेर ठेवली, बस. तिथं किती गोवेकर गेलेत? फोटो मात्र सेकोयाचे.

बाहेरची झाडं आणायची हौस शेवटी कुठं जाते तेही सिंत्रातच दिसतं. ऑस्ट्रेलियन आकाशिया त्या डोंगरात असा माजलाय की उपटायला माणसं लावावी लागतात. आपल्याकडे आपल्याच सरकारनं सड्यांवर आकाशिया लावला. खाली गवताचं पातं उगवत नाही, गुरं तोंड लावत नाहीत.

मांडवीकाठ

आकाशियाबद्दल शंभर टक्के मान्य. पण राय आणि उद्यान यांतलं एकच निवडा असं कोणी सांगितलं? तिथं जंगल तोडून बाग केली नव्हती, कातळावर केली. आणि निरंकाराच्या रायीत बसभर पर्यटक गेलेले तुम्हालाच आवडतील का?

कुळागर

नाही आवडणार. म्हणून तर मी तिची जाहिरात करत नाही!

(आत्ता केली, माहीत आहे.)

आल्तिनो

इतक्या लांब कशाला जाता? १८३४ चा तोच हुकूम पुढच्या वर्षी गोव्यात लागू झाला. सिंत्राच्या मठाचा महाल झाला, इकडे दोना पावलाजवळच्या काबोच्या फ्रान्सिस्कन मठाचं गव्हर्नरचं निवासस्थान झालं, आज तिथं राज्यपाल राहतात. जुन्या गोव्यात संत आगुस्तीनचं चर्च ओस पडलं आणि १८४२ मध्ये छत कोसळलं. एकाच कागदाची ही तीन फळं.

काबोला काय नाही? मांडवी आणि जुवारी यांच्या मुखांमधलं टोक, १५४१ मधलं चॅपल, दाट झाडी, नेपोलियनच्या धास्तीनं येऊन बसलेल्या इंग्रज फौजेच्या खुणा. सिंत्रात २००० साली सरकारी मालकीची एक कंपनी काढली. ती तिकिटांच्या पैशावर उद्यानं सांभाळते, सरकारी अंदाजपत्रकातून घेत नाही. फर्नांदोच्या दुसऱ्या बायकोचं, एद्लाच्या काउंटेसचं लाकडी फळ्यांसारखं रंगवलेलं घर त्या झाडीत होतं, ते १९९९ मध्ये जळालं. २०११ मध्ये परत उभं केलं, खिडक्यांभोवतीच्या बुचाच्या सालीच्या नक्षीसकट. तसं काबोच्या झाडीचं का होऊ नये? राज्यपालांचं घर राहू दे घराच्या जागी. टोकावरची पायवाट, झाडी, चॅपल यांना ठरावीक वेळा, मोजकी माणसं आणि तिकीट. ते पैसे त्याच झाडीवर.

फोंडेकरीण

काबो उघडलं की दुसऱ्या दिवशी गेटवर भेळ, सेल्फी आणि बाटल्या. दोना पावलाच्या धक्क्यावर जाऊन बघा. मी महालवाली असले तरी काबो बंदच बरं म्हणेन. आधी बांदोड्याला सौंदेकर राजांच्या वाड्याबद्दल चार ओळी लिहा कोणीतरी. हैदरअलीमुळे राज्य गेलं, राजा आश्रयाला गोव्यात आला आणि घराणं इथलंच झालं. फोंड्यातल्या पोरांना तेही ठाऊक नाही.

आल्तिनो

बाटल्यांच्या भीतीनं सगळंच बंद ठेवायचं, तर ते राखतो कोणासाठी? धक्क्यावर मोजमाप नाही, म्हणून तसं झालं. सिंत्रातही महालाला ठरलेल्या वेळेचंच तिकीट असतं.

सत्तरीकर

मोजमाप आपल्याकडे! बरं.

डिचोलीची सून

वाद चालू द्या. माझ्या सासूबाई सत्तरीच्या आहेत, म्हणजे वयानं. गुडघे दुखतात. मेमध्ये नणंदेकडे जातोय. त्यांना काय झेपेल?

मांडवीकाठ

लिस्बनच्या रोसियू स्थानकावरून सकाळची पहिली-दुसरी ट्रेन घ्या, पाऊण तासाच्या आत सिंत्रा. स्थानकासमोरून ४३४ नंबरची बस थेट पेनापर्यंत वर जाते, चढ चालायला लावू नका. क्रूझ आल्ता या सर्वांत उंच टोकाचा विचार सोडा. नेच्यांची दरी जमेल तेवढीच करा, कारण उतरलेलं परत चढावं लागतं आणि वाटा ओल्या असतात, चपला नकोत. मे असला तरी स्वेटर ठेवा. महालाचं तिकीट काढायचं की नाही ते सासूबाईंना विचारा, फोंडेकरणीला नको.

फोंडेकरीण

काढा. स्वयंपाकघर चुकवू नका. तिथवर बसायला कुठं कुठं मिळतं ते मी वेगळं लिहून पाठवते.