हेन डोमेन: दगड नाही, मग किल्ला ओळखायचा कसा?

प्रश्न: वेल्समधल्या माँटगोमरीजवळचा हा नॉर्मन किल्ला म्हणजे नुसतं गवताळ टेकाड. नेमकं काय बघू?

उत्तर: आधी खंदक. टेकाडाची माती तिथूनच उपसलेली. टेकाडाला लागून असलेल्या किल्ल्याच्या अंगणाभोवती तट-खंदकांची दुहेरी रांग आहे, ती पायी फिरा. १०७०च्या दशकात नॉर्मन सरदार रॉजर द माँटगोमरीने किल्ला बांधला, सगळा लाकडी. लाकूड कुजलं, जमिनीखाली खांबांचे खड्डे तेवढे राहिले.

उत्तर: भर दुपारी सगळं सपाट दिसतं. हिवाळ्यात सकाळी जा, तिरप्या उन्हात खंदकाची कड सावलीने उठते.

उत्तर: सशांची बिळं दिसली तर वाईट वाटतं. खांबांच्या खड्ड्यातली काळपट माती उकरून वर येते, वेगवेगळ्या काळातले थर मिसळतात. पुरातत्त्वज्ञ फिलिप बार्करांनी १९६०पासून तिथे उत्खनन करून एकेक थर सोलून काढला. असे मिसळलेले थर कुणालाच वाचता येत नाहीत.