नशिबाने मिळालेल्या सुखावर आपला हक्क किती?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा)

आमच्या घरी दैवाची महती सांगायची झाली की कवळाण्याच्या गोपाळरावांची गोष्ट ठरलेली. नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यात वाढलेला एक मुलगा १८७५ साली बडोद्याला येतो काय, महाराणी जमनाबाई त्याला दत्तक घेतात काय आणि तो सयाजीराव महाराज होतो काय! आता साठी उलटल्यावर माझे मन त्या वेळी निवड न झालेल्या मुलांकडे जाते.

याचे कारण खासगी आहे. ज्या नोकरीवर माझा संसार उभा राहिला, तिच्या मुलाखतीच्या दिवशी माझा चुलतभाऊ तापाने फणफणला होता. हुशारीने तो माझ्यापेक्षा सरस, पण पुढे त्याची कायम ओढाताणच झाली. आमच्यात कटुता कधी आली नाही. तरीही हे सुख दुसऱ्या कोणाचे असावे, असे नातवंडांत बसलेलो असतानाही वाटून जाते. याला प्रारब्ध मानावे, की योगायोग म्हणून विसरावे?

प्रतिसाद (रावपुरा)

दैवाची गोष्ट आपण नेहमी सोयीच्या ठिकाणी थांबवतो. गादी मिळाली इथे ती संपत नाही. १८८५ मध्ये महाराजांच्या प्रथम पत्नी चिमणाबाई ऐन तारुण्यात गेल्या. ज्याला आपण नुसते ‘टॉवर’ म्हणून रोज ओलांडतो, तो १८९६ मधला मनोरा त्यांच्याच स्मरणार्थ आहे. थोरले पुत्र फत्तेसिंहराव १९०८ मध्ये वारले, पुढे आणखी मुलांचे मृत्यूही महाराजांना पाहावे लागले आणि १९३९ मध्ये गादीवर नातू प्रतापसिंहराव आले. निवड न झालेल्या मुलांविषयी हळहळताना हेही हिशेबात धरावे.

दुसरे असे की, गादी दैवाने दिली असे एक वेळ मान्य करू. पण १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणे कोणत्या पत्रिकेत लिहिले होते? आपल्यालाही नोकरी योगायोगाने मिळाली असेल, परंतु ती इतकी वर्षे नीट केलीत, हा योगायोग नव्हे.

प्रतिसाद (अलकापुरी)

वरील प्रतिसाद पटला, तरी त्यात कर्तृत्वाला जरा जास्तच माप घातले आहे. लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडा करणारे चार्ल्स मँट १८८१ मध्ये गेले. आपल्या गणितात चूक राहिली असून इमारत कोसळेल, या भयाने त्यांचे मन ढळले असे सांगितले जाते. काम रॉबर्ट चिझम यांनी पुरे केले, १८९० मध्ये राजवाडा तयार झाला आणि आजही तो भक्कम उभा आहे. ज्याच्या कल्पनेतून हे सौंदर्य आले, त्याच्या वाट्याला त्याचा आनंद नाही. तिकीट काढून आत जाणाऱ्या तुमच्या-माझ्या वाट्याला मात्र तो विनासायास येतो. म्हणून आपण हिरवळीवर मान खाली घालून फिरतो का? गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगताना दैव पाचवे मोजले आहे. ते वगळलेले नाही आणि एकट्यावर सगळा भारही टाकलेला नाही. मला ही मोजणी योग्य वाटते.

प्रतिसाद (विश्वामित्रीकाठची रहिवासी)

ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमचा तळमजला पाण्यात गेला आणि शेजारचे घर, केवळ जोते उंच असल्यामुळे, कोरडे राहिले. शेजाऱ्यांनी संकोच दाखवला नाही, दैवाचे आभारही आमच्यासमोर मानले नाहीत. आमच्या गाद्या आणि कागदपत्रे वर नेली आणि आमच्यासाठी खिचडी टाकली. त्यांनी अपराधी चेहरा केला असता, तर उलट आम्हालाच त्यांची समजूत काढावी लागली असती. आपण हा प्रश्न चुलतभावांना कधी विचारला आहे का? त्यांच्या आयुष्याची किंमत आपण परस्पर ठरवत आहात, असे मला वाचताना वाटले.

मूळ प्रश्नकर्ता

ताई, विचारलेले नाही. अलकापुरीकरांचे गीतेचे गणित मान्य आहे, मात्र राजवाड्याचा दाखला पूर्णपणे पटत नाही, कारण मँट यांना आपण ओळखत नव्हतो आणि हा माझ्या पंगतीला बसणारा भाऊ आहे. तो गणपतीत चार दिवस इकडे येतो. त्या वेळी विषय काढीन. तो हसण्यावारी नेईल अशीच शक्यता जास्त आहे.