नळदुर्गऐवजी हत्तरसंग कुडल?

सोलापूरहून ग्रुपच्या सायकल राइडसाठी वर नळदुर्ग सुचवलंय. तिथला किल्ला आणि पाणीमहाल बघण्यासारखाच आहे, त्यात वादच नाही. पण 'नवख्यांनाही बरोबर घेऊ' असंही त्यात म्हटलंय, ते हैदराबाद हायवेच्या ट्रकांमध्ये मला पटत नाही. ग्रुप तुटतो, मागचे एकटे पडतात.

हत्तरसंग कुडल कुणीच कसं सुचवलं नाही? विजापूर रस्त्यानं साधारण ४० किलोमीटर, आणि शेवटचा टप्पा गावरस्त्याचा, शेताशेतांतून. तिथं भीमा-सीनेचा संगम, ३५९ मुखांचं शिवलिंग आणि संगमेश्वर मंदिरात शके ९४०चा, म्हणजे इ.स. १०१८चा मराठी शिलालेख! सोलापूरकरांनी तो एकदा तरी बघायलाच हवा. शेंगाचटणी-भाकरी बांधून न्या, आणि जादा ट्यूब नक्की ठेवा; बाभळीचे काटे बारीक, पण टायर सोडत नाहीत.