फितूर: डोक्यातलं की फौजेतलं?

लष्करवाली:
आमच्या इथे ग्वाल्हेरला गणपतीत यंदा १८५८ वर पोस्टरं लावायचीत. हिंदी मजकूर तयार आहे, मराठी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्यात एक अमरचंद बांठिया आहेत, शिंद्यांचे खजिनदार, ज्यांनी राणी आणि तात्या टोपेंच्या फौजेसाठी खजिना उघडून दिला म्हणून इंग्रजांनी त्यांना सराफ्यात कडुनिंबाला फाशी दिलं. हिंदीत लिहिलंय 'उनके सिर पर आज़ादी का फ़ितूर सवार था'. मी सरळ लिहून टाकलं 'त्यांच्या डोक्यात स्वातंत्र्याचं फितूर होतं' आणि फोटो काढून पुण्याच्या नणंदेला पाठवला. पाच मिनिटांत फोन, अगं वहिनी, हुतात्म्याला फितूर काय म्हणतेस! मी म्हटलं फितूर म्हणजे खूळ, धुंदी. ती म्हणे छे, फितूर म्हणजे शत्रूला जाऊन मिळालेला. आमच्या घरी तर कायम 'काय फितूर भरलंय डोक्यात' असंच म्हणतात. कोण बरोबर?

मुरारकर:
दोघी बरोबर. मूळ अरबी फुतूर, म्हणजे ढिलेपणा, बिघाड. हिंदीत तो बिघाड डोक्यात झाला, मराठीत फौजेत. तुमच्या घरचं फितूर हिंदीतून आलेलं आहे ताई, राग मानू नका, आमच्याकडेही तेच. पण गंमत बघा, १ जून १८५८ ला आमच्या मुरारलाच ग्वाल्हेरचे शिंदे महाराज जयाजीराव फौज घेऊन उभे राहिले आणि फौज समोरच्यांना जाऊन मिळाली, महाराज आग्र्याला निघून गेले. आता अस्सल मराठी अर्थाने ती फौज फितूर झाली की नाही? आणि त्याच पोस्टरवर ते शिपाई शूरवीर. खजिनदारसाहेबांचंही तेच, ज्याचं मीठ खाल्लं त्याचाच खजिना दुसऱ्याला दिला. म्हणजे नणंदबाईंच्या अर्थानेही शब्द चुकलेला नाही, फक्त सहन होत नाही.

शुद्धलेखन:
मुळात परका शब्द घ्यायचाच कशाला? 'ध्यास' लिहा. आणि दुसऱ्या अर्थाला 'द्रोही' आहे.

मुरारकर:
फौज, खजिना हे काय देवगिरीहून आले का? आणि द्रोही कोणाचा ते सांगितल्याशिवाय तो शब्द उभाच राहत नाही. टिळकांना १९०८ साली सहा वर्षं दिली ती राजद्रोहाची. देशद्रोहाची कोणी म्हणेल का?

गोठातला:
आमच्या आजीचा फितूर अगदी वेगळा. वाड्यात एक काळं कुत्रं होतं, सकाळी आमच्या ओट्यावर पोळी खायचं, शेपूट हलवायचं आणि रात्री समोरच्या काकांच्या दारात बसून आमच्यावरच भुंकायचं. आजी चिमटा घेऊन बाहेर यायची आणि म्हणायची, मेलं फितूर आहे. काकू म्हणायच्या, किती इमानी आहे हो! कुत्रं एकच. आणि वर्तमानपत्रात 'साक्षीदार फितूर' छापतात ते तर रोजचंच, तिथे बिचारा साक्षीदार कोणत्याच शत्रूला मिळालेला नसतो, नुसती जबानी फिरवतो. मला लहानपणी वाटायचं फिरणे वरूनच फितूर.

शुद्धलेखन:
फिरणेचा काही संबंध नाही.

गोठातला:
मी कुठे म्हटलं आहे म्हणून, वाटायचं म्हटलं.

बडोद्याची (सध्या जर्मनी):
जर्मनमधे यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. होखफेराट म्हणजे सत्तेविरुद्ध कट, लांडेसफेराट म्हणजे देश परक्याला विकणं. साधारण आपला राजद्रोह आणि देशद्रोह. २० जुलै १९४४ ला श्टाउफेनबर्ग नावाच्या जर्मन कर्नलने हिटलरच्या बैठकीत बॉम्ब ठेवला, हिटलर वाचला, त्याच रात्री श्टाउफेनबर्गला गोळ्या घातल्या. युद्धानंतरही कित्येक लोक त्याला गद्दारच म्हणत, कारण सैनिकाची शपथ हिटलरच्या नावाने घेतलेली. मग १९५२ ला ब्राउनश्वाइगच्या कोर्टात केस झाली, रेमर नावाच्या माजी अधिकाऱ्याने कटवाल्यांना जाहीरपणे देशद्रोही म्हटलं होतं, त्याला तीन महिन्यांची शिक्षा झाली. म्हणजे एका शब्दावरून केस! आज बर्लिनमधे त्या कर्नलच्या नावाचा रस्ता आहे.

मुरारकर:
हे भारी आहे. आणि गद्दार म्हणालात म्हणून, गद्दार आणि गदर एकाच अरबी धातूचे, गदर म्हणजे दगाच. १८५७ च्या उठावाला गदर म्हणत, तेच नाव १९१३ साली अमेरिकेतल्या आपल्या लोकांनी आपल्या पेपरला दिलं. त्यातले आपले विष्णू गणेश पिंगळे, तळेगाव ढमढेऱ्याचे, मेरठच्या छावणीत बॉम्बसकट सापडले आणि नोव्हेंबर १९१५ ला लाहोरला फासावर गेले. छावणीत कशाला गेले होते? शिपाई फितवायला. तुमच्या पोस्टरवर ह्यांनापण घ्या.

लष्करवाली:
अहो १८५८ चं पोस्टर आहे.

शुद्धलेखन:
विभीषणाचं काय मग? रामाचा भक्त, चिरंजीवांत गणला जातो, तरी घरभेदीच. कोणी पोराचं नाव विभीषण ठेवतं का?

लातूरकर, हल्ली इंदूर:
ठेवतात की! आमच्या गावात माझ्याच वर्गात दोन विभीषण होते. एक सरपंच झाला. तुमच्या पुण्यात ठेवत नसतील.

शुद्धलेखन:
मी पुण्याचा नाही, मिरजेचा आहे.

गोठातला:
माझं मत विचाराल तर मराठीत असा शब्दच नाही जो एकाच वेळी दगा आणि शौर्य दोन्ही बोलेल. 'बंडखोर' जवळ जातो पण बंडखोर उघड उभा राहतो, खजिनदार किल्ली हातात ठेवून गुपचूप कुलूप काढतो, त्याला बंडखोर म्हणवत नाही. 'फितूर' ला तेवढी किल्ली दिसते. म्हणून मी तर फितूरच ठेवलं असतं आणि नणंदेला म्हटलं असतं, हो, फितूरच, आणि हुतात्माही.

मुरारकर:
पोस्टरखाली गणपती बसणारे, गर्दीत उभं राहून हे कोण समजावणार?

लष्करवाली:
छापून आलं. मुलाने मला न विचारता 'वेड' करून टाकलं, 'स्वातंत्र्याचं वेड होतं'. नणंदेचा परत फोन, आता हुतात्म्याला वेडा म्हणताय होय? मी फोन ह्यांच्याकडे दिला.

लातूरकर, हल्ली इंदूर:
😀 ते कुत्रं शेवटी कोणाकडे राहिलं?

गोठातला:
काकांकडे. पण आजी गेली त्या दिवशी आमच्या ओट्यावरून हललं नाही.